डोक्यावर हात ठेवून

"किल्ली द्या, बाबा," राजेश म्हणाला.

हरिहरराव खाटेवर बसून होते. उजव्या पायाच्या तळव्याला पट्टी बांधलेली. फाटकाबाहेर निंबाखाली त्यांची ट्रॅव्हलर व्हॅन उभी होती. आत फळ्यांचा बिछाना, छोटी शेगडी, पाण्याचं पिंप. चार दिवसांनी कोकणात निघायचं ठरलं होतं.

"थोडंसं भाजलंय. त्यात काय."

"हीटरला पाय लागला, नि आईला वास आला तेव्हा तुम्हाला कळलं. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? साखरेनं पायाची जाणीव गेलीय. चार वर्षं झाली असतील म्हणाले. म्हणजे तीनदा तुम्ही लखनऊ ते वेंगुर्ले असल्या पायानं ब्रेक दाबत गेलात."

हरिहररावांनी पाय खाटेखाली ओढून घेतला. फौजेत आणि नंतर इथे लखनऊत एका संशोधन संस्थेत मिळून चाळीस वर्षं त्यांनी गाडी हाकली होती. गल्लीत अजूनही त्यांना सुभेदारसाहब म्हणत. "इतनी लंबी ड्राइव, सुभेदारसाहब?" असं कोणी विचारलं की ते मिशीतल्या मिशीत हसत.

यमुनाबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या.

"चौकातला एकजण गाडी घ्यायला तयार आहे," राजेश म्हणाला. "शनिवारी बघायला येतोय. मी उद्या नोएडाला जाईन, पण त्याच्याशी बोलून ठेवलंय."

यमुनाबाईंनी कपबशी त्याच्यापुढे केली नाही. त्यांनी ती खाली ठेवली.

त्यांचं माहेर साताऱ्याकडच्या कोरड्या डोंगरात. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नवरा दोन्ही नोकऱ्यांतून मोकळा झाल्यावर. त्यानंतर दर माघात त्या तिकडे ओढल्यासारख्या जात. सुरूच्या बनात नाहीतर एखाद्या शाळेच्या पटांगणात, विचारून, गाडी लागे. पहाटे चूल पेटायच्या आधी दोघं किनाऱ्याने चालत. हरिहरराव काठी टेकत, चपला घालून, यमुनाबाई अनवाणी. भरती गुडघ्याला लागली की त्या थांबत आणि बराच वेळ तशाच उभ्या राहत. वर्षभर इथे त्या उभ्या राहण्यावरच त्या निभावून नेत.

"आईला विचार की," हरिहरराव म्हणाले.

"आईला काय विचारायचं? ती रिक्षेत बसली तरी दांडी घट्ट धरते. तुमच्या गाडीत तर डोळे मिटूनच बसत असेल."

"मिटून नाही रे," यमुनाबाई म्हणाल्या.

"मग सांग, दिवेआगरच्या रस्त्याला समुद्र कुठल्या हाताला लागतो?"

"ते ह्यांना विचार. वाटेतलं सगळं हेच मला सांगतात. मी गाडी थांबल्यावर बघते."

राजेश हसला. "बघा. आणि मला फोनवर सांगते, पाट्या वाचायला शिकले म्हणून."

ते मात्र खरं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी यमुनाबाईंनी पाटी हातात घेतली होती. शेजारची हिमानी कॉलेजातून आली की तासभर शिकवायची. पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. दुसऱ्यांदा पास झाल्या तेव्हा हिमानीने गल्लीत लाडू वाटले आणि हरिहररावांनी बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

"राजू बरोबर बोलतोय," यमुनाबाई म्हणाल्या.

हरिहररावांनी मान वर केली.

"बरोबरच बोलतोय. असल्या पायानं माणसानं गाडी चालवू नये. पण बाळा, गाडी विकू नको. हे शपथ घेतील."

"आई, शपथेनं काय होतंय यार."

"तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतील. मग तर झालं?"

 एकुलत्या एक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बाप खोटं बोलणार नाही, एवढं राजेशला ठाऊक होतं. तो खाटेजवळ आला आणि लहानपणी औषध घ्यायला वाकायचा तसा वाकला.

हरिहररावांनी त्याच्या केसांवर पंजा ठेवला. "स्टिअरिंगला हात लावणार नाही," ते म्हणाले. आवाज अजिबात हलला नाही. यमुनाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"ड्रायव्हर ठेवा," राजेश नरमून म्हणाला. "मग खुशाल जा. मी शनिवारचं रद्द करतो."

"चाळीस वर्षं गाडी हाकलेल्यानं ड्रायव्हर ठेवायचा?"

"ठेवू की," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यात कसली लाज?"

दुसऱ्या दिवशी राजेश गेला. त्यानंतर घरी कोणी ड्रायव्हर आला नाही. कोणाला निरोपही गेला नाही. यमुनाबाईंनी मेथीचे ठेपले केले, डब्यात चटणी भरली, शेगडीची नळी तपासली. हरिहरराव टायरची हवा बघून आले.

निघायच्या सकाळी राजेशचा फोन आला.

"मिळाला का ड्रायव्हर?"

"मिळाला," यमुनाबाई म्हणाल्या.

"कसा आहे? भरोशाचा ना?"

"घाई करत नाही. दारू पीत नाही."

"आणि बाबा?"

"शपथ मोडायचे नाहीत."

त्यांनी फोन ठेवला. हरिहरराव त्यांच्याकडे बघत होते.

"पोराच्या डोक्यावर हात ठेवलाय मी," ते हळूच म्हणाले. "विसरू नकोस."

"चला. ऊन चढतंय."

गाडीत दोघंच होती. तिसरं कोणी चढलं नाही. अंगणातून हिमानीने हात केला, गल्ली मागे पडली, आणि तासाभरात ट्रॅव्हलर कानपूरच्या रस्त्याला लागली. मोहरीची शेतं पिवळी झाली होती. हरिहरराव नेहमीसारखे सांगत होते, सारस बसलेत, जोडी आहे. यमुनाबाई हूं म्हणत होत्या.

पुढे पोलिसांनी दोरी लावली होती. गाडी हळूहळू कडेला थांबली. हरिहररावांनी काठी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिले. एक तरुण शिपाई पुढून वळसा घालून उजव्या बाजूला आला. स्टिअरिंगजवळच्या काचेवर त्याने बोटाने टकटक केलं, आत पाहिलं आणि आपोआप टोपी नीट केली.

"माताजी," तो म्हणाला, "अपना लाइसेंस दिखाइए."