दोन खरी, दोन भुतं

"दोन बोटं टेकली की पडद्याला चार दिसतात," म्हातारी म्हणाली. "दोन खरी, दोन भुतं."

प्यो दोंग-उकने मान डोलावली. कोरियातल्या देजॉन शहराच्या पेटंट कार्यालयात स्पर्शाचे पडदे आणि त्यावर लिहायची पेनं यांचे अर्ज तपासण्यात त्याची तेवीस वर्षं गेली होती.

"बरोबर. पण खरं कोणतं आणि भूत कोणतं, हे तुमच्या पडद्याला कळतं कसं?"

"ते अर्जात लिहिलंय."

"अर्ज तुम्हीच लिहिलाय ना, आजी? मग तुमच्या तोंडून ऐकू द्या."

म्हातारीने, सक माल-सुनने, अर्ज त्याच्याकडे सरकवला. वय एकाहत्तर. गुमसानच्या बाजारात ती जिनसेंगची औषधी मुळं सोलायची. नखांच्या कडांना माती कायमची बसली होती. सोबत वकील नव्हता. येताना भाजलेली रताळी आणली होती, ती प्योने नियमाप्रमाणे परत तिच्या पिशवीत ठेवायला लावली होती.

तिचा पहिला अर्ज त्याने तासाभरात नामंजूर केला होता. तसंच पेटंट एका मोठ्या कंपनीकडे होतं. अकरा वर्षांपूर्वी प्योनेच ते मंजूर केलं होतं. पण सहा महिन्यांनी म्हातारीने नवा अर्ज केला, आणि त्यात कंपनीकडे नसलेली एक गोष्ट होती: तळहात पडद्यावर टेकलेला असताना पेनाचं टोक नेमकं ओळखायची युक्ती. साधी, सुबक युक्ती. मुळं सोलणाऱ्या बाईला सुचेल अशी नव्हेच.

"हे दुसऱ्या कोणाचं निघालं, तर नामंजुरीच्या पत्रात त्याचं नाव येईल," तो म्हणाला. "सगळ्या जगाला दिसेल."

"येऊ द्या," ती म्हणाली.

हा कोडगेपणा त्याला झोंबला.

"आजी परत येऊन गेल्या वाटतं?" शेजारच्या टेबलावरून मिरान हसली. "त्यांना इथेच नोकरीला चिकटवून घ्या, साहेब."

"कोणाचं तरी ढापलंय बाईने. कोणाचं, ते काढतोच."

तीन आठवडे त्याने कोरियातले, जपानमधले, तैवानमधले कागद उपसले. काही हाती लागेना. मग अर्ज पुन्हा वाचताना तो एका शब्दापाशी अडला. सगळीकडे 'भूत' म्हटलेलं, पण एका ओळीत मात्र 'पाहुणे' राहून गेलं होतं. त्याने तोच शब्द शोधायला घातला. जिंजूच्या एका लहान विद्यापीठाच्या यादीत एक नाव सापडलं: 'पडद्यावरचे न बोलावलेले पाहुणे'. प्रबंध, चौदा वर्षांपूर्वीचा. मजकूर कुठेच नाही, फक्त नाव.

तो बस पकडून जिंजूला गेला.

ग्रंथालयातल्या प्रतीत सगळं होतं. आकृत्या त्याच, पेन तेच. प्योला आनंद झाला, आणि पुढच्याच पानावर तो मावळला. त्या प्रबंधात कंपनीचं पेटंटही जसंच्या तसं होतं, कंपनीने अर्ज करण्याच्या दोन वर्षं आधी. हे त्याने तेव्हा पाहिलं असतं, तर कंपनीला पेटंट मिळालंच नसतं.

"योम सांग-हा," ग्रंथालयातल्या बाईने मुखपृष्ठावरचं नाव वाचलं. "गेला हो तो. अकरा वर्षं झाली. स्वतःच जीव दिला म्हणतात. हा प्रबंध मागणारे तुम्हीच पहिले."

म्हणजे कोणालाच कळणार नव्हतं. प्योने प्रबंध फळीवर परत ठेवला आणि तो बसथांब्यावर जाऊन बसला. एक बस गेली, दुसरी गेली. खांद्यावर कोणीतरी बोट टेकल्यासारखं झालं. त्याने वळून पाहिलं. मागे काचेची भिंत होती, आणि तिच्यात तो एकटाच.

तो उठला, परत ग्रंथालयात गेला आणि पानांच्या नकला काढून आणल्या.

"हे लिहिलंत तर कंपनीचं पेटंटही पडेल," मिरान म्हणाली. ती आता हसत नव्हती. "त्यावर सही तुमची आहे."

"माहितेय."

"आणि यंदा बढतीच्या यादीत तुमचं नाव आहे."

"तेही माहितेय."

त्या दिवसांत चाचणीच्या पडद्यावर एखादा ठिपका आपसूक उमटला की त्याचा हात थबकायचा. पूर्वी तो असा ठिपका पुसून पुढे जायचा. आता तो ठिपका विझेपर्यंत बघत बसे.

पत्र पूर्ण झालं. टपालाने पाठवायचं ते, पण त्याने म्हातारीला बोलावून घेतलं.

"चष्मा विसरले," ती म्हणाली. "तुम्हीच वाचा."

त्याने वाचलं. ही युक्ती, तसंच आधी दुसऱ्याच्या नावे मंजूर झालेली युक्तीसुद्धा, सर्वांत प्रथम योम सांग-हा यांनी मांडली. सबब अर्ज नामंजूर.

"ते नाव परत वाचा."

त्याने परत वाचलं. ती खाली बघत राहिली. प्योला तिची कीव आली.

"मुदतीत उत्तर देता येतं, आजी. पण खरं सांगतो, उपयोग व्हायचा नाही."

"उत्तर नाही द्यायचं." तिने कागद घेतला, रुमालात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. "हाच हवा होता."

प्योने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं? मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर ते आईचं बोलणं झालं असतं."

ती उठली आणि कमरेत वाकून तिने त्याला नमस्कार केला.

"तुमच्या सहीचा कागद दाखवूनच कंपनीने माझ्या पोराला चोर ठरवलं होतं, साहेब. आज तुमच्याच सहीने तो सुटला."