कुंडलिकचा व्हिसा

"पुन्हा सांग. कफील म्हणजे कोण?"

खाटेवर बसलेला कुंडलिक गप्पच. इलाहीबक्षनं आवाज चढवला, "अरे कुंडलिक, तुलाच विचारतोय मी!" तेव्हा कुठं गडी दचकला.

"ज्यानं बोलावलं त्यो मालक," तो चाचरत म्हणाला. "तितल्या सरकारपुढं आपली जबाबदारी त्याची."

"आणि पासपोर्ट?"

"त्याच्यापाशी. त्यानं व्हय म्हटल्याबिगर दुसरं काम धरायचं न्हाय. परत याया बी त्याचीच परवानगी."

"शाब्बास!"

इलाहीबक्ष कुवेतहून रजेवर सोलापूरला आला होता. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि आखातात जायचं वेड साऱ्या मिलच्या चाळींना लागलं होतं. होटगी रोडवरच्या एका वर्कशॉपातल्या मिस्त्रीनं त्याला कळवलं होतं, पोराचा वेल्डिंगचा हात सोन्याचा आहे, न्या त्याला. फोटो आणि कागद टपालानं गेले, इलाहीबक्षनं कफीलपुढं हमी घेतली आणि व्हिसा निघाला. कुंडलिकला प्रत्यक्ष तो आज पहिल्यांदाच बघत होता. संध्याकाळच्या गाडीनं त्याला मुंबईला धाडायचं, आठवड्यानं स्वतःही निघायचं, असा बेत होता.

चहा आला तोही शेजारणीच्या घरून. ह्या घरातली चूल गार पडलेली. दारापाशी दोन-तीन बाया उभ्या होत्या, पण एकीच्या तोंडून शब्द फुटेना. पोरगा परमुलखात निघालाय, कुणाला अन्न गोड लागणार, असं म्हणून इलाहीबक्षनं कप तोंडाला लावला. तरी त्याला काही बरं वाटेना.

"दाढी करून घे बाबा. फोटोत गाल तुळतुळीत आहेत तुझे."

"आज नगं," कुंडलिकची म्हातारी आई सोनाबाई मध्येच बोलली. "मुंबईत करंल त्यो."

कोपऱ्यात कुंडलिकची बायको विजयमाला भिंतीकडं तोंड करून बसली होती. इलाहीबक्षला दया आली.

"वहिनी, अशा पाठ फिरवून काय बसलाय? दोन वर्षं हां हां म्हणता जातात. येईल की माणूस परत!"

तिनं पदर तोंडात कोंबला. सोनाबाई तिच्यावर धावूनच गेली. "गप! काय सांगितलंय तुला? गाडी सुटंस्तवर डोळ्याला पाणी न्हाय!"

जाणाऱ्याच्या मागं रडू नये म्हणतात, तेव्हा म्हातारीचंही खरंच होतं. विषय बदलावा म्हणून इलाहीबक्षनं विचारलं, "कुंडलिकचा धाकटा भाऊ कुठं दिसत नाही? मानसिंग ना त्याचं नाव?"

"वैरागला गेलाय," सोनाबाई म्हणाली. "काम बघाया."

"मग त्यालाही नेऊ की पुढच्या खेपेला! दोघं भाऊ मिळून घर सोन्यानं मढवतील."

दारातली एक बाई डोळे पुसत निघून गेली.

आता मात्र इलाहीबक्षचं डोकं तडकलं. इतकं करून वर हे असलं मुकं घर! त्यानं कुंडलिकला समोर ओढून बसवलं.

"नीट ऐक. आमच्या कॅम्पात एकानं कफीलशी खोटेपणा केला. त्याला उचलला तो उचललाच, त्याची हमी घेणाऱ्यालाही नेलं. त्या हमीदाराचं पुढं काय झालं, अल्लालाच ठाऊक. तुझी हमी मी घेतलीय. घरी माझी नूरबी आहे, तीन लेकरं आहेत. त्यांचा घास तुझ्या इमानावर आहे, समजलं का?"

कुंडलिकनं आईकडं पाहिलं. म्हातारीनं मान वळवली.

"समजलं," तो म्हणाला.

स्टेशनात गाडी उभीच होती. इलाहीबक्षनं जागा धरून दिली, पासपोर्ट आतल्या खिशात आहे का ते चाचपून पाहिलं. कुंडलिक खाली उतरला, आईच्या पाया पडला. मग दोन पावलं पुढं झाला आणि वाकून विजयमालाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"लेका, बायकोच्या पाया पडतोस?" इलाहीबक्षला हसूच आलं. "कुवेतला जायच्या आधीच रीत विसरलास!"

शिट्टी झाली. गाडी हलली, वेग घेऊ लागली, शेवटचा डबाही सिग्नलपार गेला. इलाहीबक्षनं सुटकेचा श्वास टाकला. झालं एकदाचं!

मागं काहीतरी खळकन फुटलं. विजयमाला फलाटावर बसकण मारून दोन्ही हात फरशीवर आपटत होती. हिरव्या काचा चहूकडं उडत होत्या.

"अरे, अरे! वहिनी!" इलाहीबक्ष धावला. "नवरा परदेशी निघाला आणि हे काय अभद्र?"

सोनाबाई आडवी आली.

"फोडू द्या तिला, भाऊ. लई दिस धरून ठिवलं मी तिला. कुंडलिकला गावाकडं मंद्रूपच्या मसणात ठिवून आलोय आमी. गाडीत गेला त्यो मानसिंग."