समोरच्याचा उजवा

सगळी रांग डावीकडे वळली आणि चष्मेवाला उजवीकडे वळला. त्याची मूठ शेजारी उभ्या असलेल्या, बँकेत कॅशियर असणाऱ्या बाईंच्या नाकापासून चार बोटांवर येऊन थांबली.

"अहो, माझ्यावर कसला राग?" बाई म्हणाल्या. मागच्या रांगेत खसखस पिकली.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा रांग डावीकडे आणि तो उजवीकडे. कराटेतल्या ठरावीक क्रमाच्या वीस हालचालींचा तो पहिला काता त्याला झोपेतही आला असता. वळण, अडवणूक, ठोसा, पुन्हा वळण. एकही हालचाल सुटलेली नव्हती की मागेपुढे झालेली नव्हती. फक्त सगळा काता उलटा होता, डाव्याचा उजवा आणि उजव्याचा डावा. आणि हे त्याला शिबिराच्या पहिल्या दिवशी, शनिवारी दुपारी कळत होते. परीक्षा रविवारी सकाळी होती.

भिंतीपाशी तपकिरी पट्टेवाल्यांत त्याची मुलगी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. क्लबचा नियम जुना आणि कडक होता: काळ्या पट्ट्याला बसणाऱ्याने एका नवशिक्याला पहिला काता स्वतः शिकवायचा. तो नापास झाला तर शिकवणाराही नापास. मुलीला कोणी नवशिका मिळेना, तेव्हा चष्मेवाल्यानेच या वयात पांढरा पट्टा कमरेला बांधला होता.

मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपापाशी तिने त्याला गाठले.

"बाबा, मी घरी तुमच्यासमोर उभी राहून मुद्दाम उलटा करत होते. म्हणजे तुम्ही आरशात बघितल्यासारखं नुसतं बघून केलंत तरी सुलटा येईल."

तो घोट घेता घेता थांबला. "आणि मी तो मनात फिरवून घेत होतो."

"फिरवून? का पण?"

"अगं, सवय."

बावीस वर्षे तो आपल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला माणसांसमोर बसत आला होता. आपल्या डाव्या हाताला दिसतो तो समोरच्याचा उजवा डोळा, हे त्याला आताशा मनाला सांगावेही लागत नसे. तिने उजवा पाय टाकला की त्याने उजवा पाय लक्षात ठेवला. मग दुकानामागच्या काचा घासण्याच्या खोलीत तीन महिने एकट्यानेच घोटला. तिच्यासमोर करून दाखवायचा त्याला संकोच वाटे.

"एकदा तरी दाखवायचं होतं ना," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मीच बघायला हवं होतं."

"आता?"

"आता विसरा सगळं. नव्याने करू."

घोटलेले विसरायला संध्याकाळ पुरली नाही. रविवारी त्याचा पुकारा झाला तेव्हा त्याच्याकडे दोन काते होते आणि धड एकही नव्हता. तो परीक्षकांच्या टेबलासमोर वाकला. डावीकडे वळला, ते बरोबर आले. ठोसा बरोबर आला. तिसऱ्या वळणाला डोके एकीकडे गेले, पाय दुसरीकडे. खिडकीकडे तोंड करून, एक हात उगारून तो उभा राहिला. पुढे कुठला हात, हे त्याला आठवेना. दोन्ही सारखेच परके वाटू लागले होते.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारले. ते बाहेरून आलेले, हळू बोलणारे वयस्क गृहस्थ होते.

"सर, हिने बरोबर शिकवलंय. घोळ माझा आहे. मला उलटा येतो. उलटा सगळा येतो."

"मग तो करा."

त्याने केला. वीसच्या वीस हालचाली, एकाही ठिकाणी न अडखळता. जिथून निघाला होता नेमका तिथेच येऊन उभा राहिला. या वेळी कोणी हसले नाही.

"हालचाली चोख आहेत," परीक्षक म्हणाले. "पण हा काता नव्हे. तुम्हाला मी पास करू शकत नाही." मग ते मुलीकडे वळले. "तू ये. हाच काता दाखव, सुलटा. नीट झाला तर तुझ्या शिकवण्यात खोट नव्हती असं धरेन."

चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. हा काता ती सात वर्षांची असल्यापासून करत होती.

ती पुढे आली. वाकली. मुठी आवळून क्षणभर थांबली, आणि उजवीकडे वळली.

परीक्षकांचे पेन थबकले. ती थांबली नाही. वळण, अडवणूक, ठोसा. तीन महिने दुसऱ्यासाठी उलटे चालता चालता तिला स्वतःचे डावेच सापडेनासे झाले होते का? की एकटीने पास व्हायचे तिने नाकारले होते? त्याने तिच्या पायांकडे पाहिले. पाय नेटके पडत होते, त्यांत ना घाई होती ना कचरणे. त्याने चेहरा पाहिला. समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे चार प्रश्नांत ओळखणाऱ्या त्या माणसाला तिथे काहीच वाचता येईना.

वीस हालचाली संपल्या. परीक्षकांनी पेनाला टोपण लावले.

रीतीप्रमाणे तिने टेबलाकडे वाकायला हवे होते. त्याऐवजी ती त्याच्याकडे वळली आणि धापा टाकत, भुवया किंचित उंचावून बघत राहिली, शिकवणारा शिकणाऱ्याकडे बघतो तशी. कळलं ना?

त्याला काहीएक कळले नव्हते. त्याने मान हलवली. हो.