निरोगी काच

"परत चमकलं," रश्मी म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला होऊन तिनं कपाळ टेबलाला टेकवलं.

शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमधून आलेल्या दीपानं वाकून पाहिलं. दोन काचा. एकीवर ब्लड कॅन्सरच्या पेशंटचं रक्त, दुसरीवर निरोगी माणसाचं. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवलेला रंग फक्त रोगट पेशींना चिकटून चमकायला हवा होता. तो मेला दोन्हीकडे लखलखत होता.

शहाण्णवच्या दसऱ्यापर्यंत निरोगी काच काळीकुट्ट दिसायची. मग कुठं माशी शिंकली कोण जाणे. रश्मीनं रंगाची बाटली बदलली, सोन्याचं द्रावण नव्यानं उकळलं, भांडी घासून घासून हात सोलून घेतले. ढिम्म फरक नाही.

"सोमवारी सूर्यभान सर काम बंद करणार," ती म्हणाली. "एवढी वर्षं पाण्यात गेली गं."

तिचा जीव अगदी विटला होता. कोल्हारहून एस.टी.नं नगर, संध्याकाळी उलटा तोच रस्ता. हल्ली लॅबचा जिना चढतानाही धाप लागायची. सकाळी डबा हातात देताना आई, भागिरथीबाई, कुरकुरली होती, "लई वाळलीस बाये. त्या सोन्यानं कुनाचं भलं झालं? सोड आता."

दीपाला तिची दया आली. "ऊठ, शेवटचं एकदा बघू."

"आजचं निरोगी रक्त संपलंय. आता पुन्हा कुठं टोचत बसू?"

"मग माझं घे. टोच." दीपानं बोट पुढं केलं.

रंग चढवून, काच धुऊन रश्मीनं बघितलं. काळोख. एक ठिपका नाही. पेशंटची काच सरकवली, ती झगमगली. पुन्हा दीपाची. पुन्हा काळोख.

"दीपे, जमलं!" रश्मीला रडूच कोसळलं. रंगात खोट नव्हती, सोन्यात नव्हती. सोमवारी सरांना तोंड दाखवायला आता जागा होती. किती महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

दीपा टोचलेलं बोट दाबत उभी होती. "मग इतके दिवस निरोगी म्हणून कुणाचं रक्त घेत होतीस?"

रश्मी डोळे पुसत हसली. "इथं सुई बघून सगळे पळतात. कुणाचं घेणार? माझंच की!"