शेडचं दार

खोटं वाटेल तुम्हाला, पण माझ्या बापाच्या जुन्या टेबल-करवतीचं अडकलेलं पातं काढायला नवरा तीन दिवस पान्याला असा लोंबकळला, की अख्खी शेडच फिरून दार रस्त्याकडून तळ्याकडे गेलं, पण पात्याचा नट हलेना. "एस्को, उलटे आटे आहेत, दुसरीकडे फिरव," मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तू कॉफीचं बघ," म्हणाला. चौथ्या दिवशी त्याने घणच उचलला. "सासऱ्यासारखंच आडमुठं भंगार!" माझं टाळकं सरकलं. आमच्या सौनाची, त्या वाफेच्या न्हाणीघराची, फळी न् फळी बापाने त्याच करवतीवर कापलेली. मी तिच्यावर आडवी पडले. "घाल! आधी माझ्या पाठीत घाल!" तो वरमला. मी उठून पान्यावर उलट्या बाजूने लाथ हाणली, नट सुटला. पातं काढायला एस्कोने हात पुढे केला. मी नट पुन्हा आवळला. "आधी माझ्या बापाची माफी माग, टोपी काढून." मागितली. शेडचं दार मात्र अजून तळ्याकडेच आहे.