कुलपाचा लाल दोरा

“दाराला कुलूप आहे, पितळी, कडीला लाल दोरा बांधलाय,” रुग्णवाहिकेचा चालक स्पीकरवरून म्हणाला, आणि कंट्रोल रूममधला प्रोग्रामर खुर्चीतून उठला. तो दोरा त्यानेच बांधला होता, आईला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या घरी हलवलं त्या दिवशी. त्याच संध्याकाळी मूळ नोंदीत तिचा पत्ताही बदलला. फक्त फोन नंबरला पत्ता जोडणारी ‘पॉलिसी’ नावाची आज्ञावली पुन्हा चालवायची राहिली. ती चालवेपर्यंत कंट्रोल रूमचं सर्च इंजिन फोन आल्यावर जुनाच पत्ता देत राहतं. त्याने चालकाला नवा पत्ता सांगितला. “अर्धा तास लागेल, साहेब.” त्याने आईला फोन लावला; रिंग वाजत राहिली. “रुग्णवाहिका मागवणाऱ्या बाईंनी पत्ता सांगितला नाही का?” त्याने फोन घेणाऱ्या सहकारिणीला विचारलं. “विचारला ना. धाप लागली होती त्यांना. म्हणाल्या, मुलानेच सांगितलंय, नुसता फोन लावायचा, पत्ता तुम्हाला दिसतो.”