बिनबटणाचा टी-शर्ट

मुलगा बापाच्या उंचीचा झाला, तरी त्याला बोलता येत नव्हतं. गलबला सोसेनासा झाला, की तो शर्टाचं बटण पिरगळायचा. ते दिसताच आई हातातलं काम टाकून त्याला गच्चीवर न्यायची. नाहीतर तो भिंतीवर डोकं आपटायचा. मावशीला मात्र एवढंच माहीत होतं, की भाचा बटणं तोडतो. तिनं हौसेनं बिनबटणाचा टी-शर्ट आणला. बहिणीचं मन मोडवेना; आईनं तो त्याला घातला. दुपारी पाहुण्यांनी घर गजबजलं. मुलाची बोटं छातीवर फिरू लागली. नवं कापड चाचपतोय, असं समजून आई वाढत राहिली. "किती शांत बसलाय बघ," मावशी म्हणाली. तेवढ्यात भिंत दणाणली. कपाळावर टाके घेऊन मुलगा झोपल्यावर आई टी-शर्टाला बटण लावायला बसली. "अगं, याला काज कुठंय?" मावशीनं विचारलं. "काज नकोय. सैलच लावते, फिरलं पाहिजे."